कामाची तलवार : प्रस्तावना

लुई नोलन हा इंग्रज घोडदळातला कॅप्टन. घोडदळावरचं त्याचं पुस्तक १८५३ साली निघालं आणि पुढच्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या लढाईत तो पडला. हिंदुस्थानात असताना एका चकमकीचा वैद्यकीय अहवाल त्याच्या पाहण्यात आला होता. निजामाच्या बिनकवायती स्वारांनी संख्येने जास्त असलेल्या रोहिल्यांचा धुव्वा उडवला होता आणि अहवालातल्या शेऱ्यांच्या रकान्यात खांद्यापासून तुटलेले हात, धडावेगळी झालेली मुंडकी यांची जंत्रीच होती. नोलन चक्रावला. ही माणसं राक्षस आहेत, की यांच्याकडे काही निराळंच पोलाद आहे? पुढे हैदराबादेस जाण्याचा योग आला तेव्हा त्याने त्या तलवारी मुद्दाम पाहिल्या. बहुतेक पाती इंग्रजी निघाली! त्याच्याच सैन्याने जुनी झाली म्हणून काढून टाकलेली. स्वारांनी ती घेतली, आपल्या हाताला बसेल अशी मूठ चढवली, कडक धार काढली आणि लाकडी म्यानात ठेवली. लढाईखेरीज तलवार उपसायची नाही, हा त्यांचा दंडक. तेच पातं इंग्रज शिपायाकडे होतं तेव्हा म्यान लोखंडी होतं. कवायतीत रोज उपसायचं, रोज खुपसायचं आणि दर खेपेस धार लोखंडावर घासायची.

स्वस्तात कामाची तलवार कशी मिळते याचं इतकं चोख उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही, म्हणून या पुस्तिकेचा श्रीगणेशा त्यानेच केला. त्या स्वारांनी पैसा ओतला नव्हता. पातं मोडीतलंच होतं. मूठ, धार आणि म्यान या तीन गोष्टींकडे मात्र त्यांनी जातीने लक्ष दिलं. आजच्या बाजारात नेमकं उलटं चालतं. डोळ्यांना दिसतं त्यावर खर्च आणि दिसत नाही तिथे काटकसर, असा विकणाऱ्याचा हिशेब असतो. घेणाऱ्याने तो उलटा मांडायला शिकावं, एवढाच या लेखनाचा खटाटोप आहे.

कामाची म्हणजे कशाच्या कामाची, हा प्रश्न रास्त आहे. आज लढाईला कोणी तलवार घेत नाही आणि घेऊही नये. पण कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ अजून जिवंत आहे. लाठी, बोथाटी, फरी-गदगा करत करत मुलं-मुली पट्ट्यावर आणि तलवारीवर येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिल्यापासून तर शहरांतही वर्ग निघू लागले आहेत. लिंबू, केळीचा बुंधा, भिजवलेल्या कागदाची सुरळी कापून हाताची सफाई पाहणारे हौशी लोक आहेत. यातले बहुतेक जण विद्यार्थी किंवा बेताच्या पगारातले. त्यांना हवी असते घाव घातल्यावर मुठीत न खुळखुळणारी, न वाकणारी, न मोडणारी तलवार. तिच्यावर सोन्याची वेल नसली तरी त्यांचं काही अडत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपते ती सत्काराची तलवार. पुढाऱ्याचा वाढदिवस असो की नव्या सरपंचाची मिरवणूक, हार, फेटा आणि तलवार असा पंचमीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हाही चालणारा संच ठरलेला आहे. लाल मखमली म्यान, पितळी किंवा पितळेचा मुलामा दिलेली मूठ, आरशासारखं चकचकीत स्टेनलेसचं पातं. फोटोपुरता हात उंचावून झाला की ती कपाटावर जाते, आणि तिथेच राहिली तर कोणाचंच नुकसान नाही. पण तीच तलवार एखादा मुलगा घरून तालमीत घेऊन येतो, केळीच्या बुंध्यावर घालतो आणि पातं मुठीतून सुटून पलीकडे जाऊन पडतं. पलीकडे त्या वेळी कोणी उभं नसलं तर नशीब.

असं होण्याचं कारण मुठीच्या पोटात असतं. पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला आपण शेपूट म्हणू. स्वस्त शोभेच्या तलवारीत पात्याला शेपूट नसतंच. पात्याच्या बुडाला आटे पाडलेली बारीक सळई वेल्डिंगने टाचलेली असते, ती मुठीतून आरपार जाते आणि वरच्या तबकडीवर नट आवळलेला असतो. सगळा घाव त्या टाक्यावर येतो. वेल्डिंगच्या आचेने त्या जागची कडकी बिघडलेली असते, त्यामुळे टाका तुटला नाही तरी त्याच्या शेजारचं पोलाद तुटतं. विकत घेताना मुठीवरचा नट दिसला तर दुकानदाराला मूठ उघडून दाखवायला सांगावं. तो कां-कूं करू लागला तर तलवार खाली ठेवावी आणि चहा घेऊन घरी यावं.

इथे एक खुलासा केला पाहिजे, कारण इंग्रजी पुस्तकं वाचून आलेले लोक हमखास गल्लत करतात. युरोपी तलवारीचं शेपूट लांब असतं, मुठीतून पार जाऊन टोकाला ठोकून पसरवलेलं असतं, आणि ते तसंच हवं असं ती पुस्तकं बजावतात. आपल्या जुन्या तलवारीचं शेपूट आखूड असतं. मूठ पोकळ लोखंडाची. तिच्यात लाखेचं किंवा राळेचं मिश्रण वितळवून ओततात, पात्याचं रुंद शेपूट त्यात दाबून बसवतात आणि थंड झालं की काम संपलं. पाहणाऱ्याला हे कच्चं वाटतं. पण याच बांधणीच्या तलवारींनी शतकानुशतकं लढाया निभावल्या. शेपूट रुंद आहे, पात्याच्याच पोलादाचं आहे आणि मुठीत गच्च बसलं आहे, तर ते आखूड असण्याने काही बिघडत नाही. शिवाय या पद्धतीचा मोठा फायदा असा की मूठ तापवली की लाख मऊ होते, पातं बाहेर येतं आणि दुसरं बसवता येतं. परदेशी पात्यावर आपली मूठ चढवलेल्या ज्या तलवारींना मराठे फिरंगी म्हणत, त्या याच सोयीमुळे इतक्या सहज घडल्या. २०२५ मध्ये राज्य शासनाने सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांना लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे: पातं युरोपी, मूठ आपली. हातात बेताचे पैसे असतील तर नवशिक्यालाही हाच मार्ग मी सुचवतो. चांगलं उघडं पातं वेगळं घ्यावं, साधी लोखंडी मूठ वेगळी घ्यावी आणि जाणत्याकडून ती बसवून घ्यावी. तयार संचापेक्षा हे बहुधा स्वस्त पडतं आणि मुठीच्या पोटात काय आहे ते आपल्याला पक्कं माहीत असतं.

पात्याच्या पोलादावर पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, इथे मुद्द्यापुरतं सांगतो. लांब पात्याला अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असलेलं साधं पोलाद किंवा कमानीचं पोलाद उत्तम. ट्रकच्या पाट्याचा कोयता आपल्याकडे गावोगाव नावाजलेला आहे, तो उगाच नाही. पाट्याचं पोलाद, बाजारात ज्याला ईएन ४५ म्हणतात ते, वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं. मात्र भंगारातल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या खड्ड्यांनी पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. कोयत्याला ते चालून जातं, तीन फुटी पात्याला नाही. लोहाराला पाट्यापासून तलवार घडवायला सांगणार असाल तर नवी पट्टी आणून द्या. स्टेनलेस सुरीला छान, पण लांब पात्यात ते आपटलं की तुटण्याकडे झुकतं. काही जण चुंबक लावून स्टेनलेस ओळखू पाहतात. शोभेच्या तलवारींत वापरलं जाणारं स्टेनलेस बहुधा चुंबकाला चिकटणारंच असतं, त्यामुळे ही परीक्षा सोडून द्यावी. त्यापेक्षा सरळ विचारावं: आठवडाभर तेल न लावता ठेवली तर गंजेल का? छातीठोकपणे ‘कधीच नाही’ म्हणणारा विक्रेता स्टेनलेस विकतो आहे.

पोलाद कुठलंही असो, त्याला पाणी कसं दिलं यावर सगळं अवलंबून. लालबुंद पातं तेलात बुडवलं की ते कडक होतं आणि त्याच वेळी ठिसूळही. मग पुन्हा बेताच्या आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. कडक करणं बहुतेकांना येतं. उतरवणं हा खरा हातगुण. कडकपणाच्या रॉकवेल मापात ४८ ते ५५ च्या दरम्यान असलेलं पातं आपल्या कामाला पुरतं. घरी माप घेता येत नाही, पण कानस असते. धारेच्या काठावर बारीक कानस हलकेच फिरवावी. ती लोण्यात शिरल्यागत खात सुटली तर पाणी दिलेलंच नाही. नुसती सटकत राहिली तर पातं फार कडक. थोडी कुरकुरत, नाराजीने खाऊ लागली तर पातं घ्यावं. पुढची चाचणी दुकानदाराच्या परवानगीने: टोक लाकडावर टेकवून पातं चार बोटं वाकवावं आणि सोडावं. ते पुन्हा दोरीत आलं पाहिजे. यापेक्षा जास्त वाकवण्याचा पराक्रम दुकानात करू नये आणि तोंड पात्याच्या रेषेत ठेवू नये.

आता वजन. तलवार जितकी जड तितकी दणकट, हा समज जत्रेतल्या पाळण्याइतकाच जुना आहे. जेजुरीला दसऱ्याला उचलतात तो खंडा ४२ किलोचा सांगतात. तो देवाचा आहे आणि उचलणाऱ्याच्या ताकदीची कसोटी आहे. माणसाने फिरवायची तलवार साधारण ८०० ग्रॅम ते सव्वा किलोत बसते. संग्रहालयातली खरी तलवार पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास म्हणतो, एवढी हलकी? याचं गमक जाडीत आहे. जुनं पातं मुठीजवळ सहा-सात मिलिमीटर जाड असतं आणि टोकाकडे जाता जाता तीनाच्या खाली येतं. स्वस्त पातं एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेलं असतं, मुठीशी चार आणि टोकाशीही चार. काट्यावर दोघींचं वजन सारखं भरेल, पण दुसरी हातात घेतली की टोक खाली ओढतं आणि चार हात फिरवले की मनगट बोलू लागतं. म्हणून दुकानात जाताना खिशात एक स्लाइड कॅलिपर ठेवावा. तीन ठिकाणी जाडी मोजली की अर्धी परीक्षा झाली. दुकानदार हसला तर हसू दे.

नक्षीविषयी चार शब्द. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी रेषा असलेली ‘दमास्कस’ तलवार हल्ली स्वस्तात मिळते. दक्षिण हिंदुस्थानात, विशेषतः आजच्या तेलंगणात, मुशीत वितळवून केलेलं उच्च कार्बनी पोलाद परदेशी जायचं आणि त्याच्या पात्यांवर अशी नक्षी आपोआप उमटायची. आजची नक्षी दोन प्रकारच्या पट्ट्या एकत्र ठोकून किंवा नुसती आम्लाने कोरून केलेली असते. पहिल्या प्रकारात दोन थरांमध्ये जोड कच्चा राहिला तर तिथूनच पातं उकलतं. त्याच किमतीत साधं, एकजीव पातं नक्कीच चांगलं मिळेल.

तलवार बोथट येते आणि तशीच यायला हवी. धार आपल्याला लावायची आहे, म्हणजे बहुतेक वेळा दीड मिलिमीटरचा सपाट काठ खाऊन तो धारेला आणायचा आहे. इथे घाई नडते. ग्राइंडर लावला की पाच मिनिटांत धार दिसते, पण काठ पातळ असल्यामुळे तिथे उष्णता क्षणात चढते. काठावर आधी फिकट पिवळी, मग तपकिरी, मग निळी झाक येते. निळी आली म्हणजे तो भाग तीनशे अंशांच्या आसपास गेला, आणि पातं कमी आचेवर उतरवलेलं असेल तर तिथली कडकी गेली. ती पुन्हा पाणी दिल्याशिवाय येत नाही. सायकलला चाक जोडून दारोदार फिरणारे धारवाले कात्री-सुरीचं काम झकास करतात, पण तीन फुटी पातं त्या छोट्या चाकावर धरलं की काठाला लाटा पडतात. पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं पाजवणाऱ्या शिकलगारांपैकी एखादा जाणता तुमच्या गावात असेल तर त्याच्याकडे जावं. काम करताना त्याच्याकडे नीट पाहावं: तो चाकावर पातं दाबत नाही, टेकवतो आणि पुढे ओढत राहतो; दर दोन ओढींनंतर पाण्यात बुडवतो; आणि मान तिरकी करून काठावरचा उजेड बघतो. बोथट काठ उजेडात पांढऱ्या रेषेसारखा चमकतो. धार आली की ती रेषा नाहीशी होते. नाहीशी न झालेली जागा कुठली, एवढंच तो शोधत असतो.

घरी करायचं तर पातं लाकडाच्या दोन ठोकळ्यांत धरून शिकंज्यात आवळावं. हातमोजे घालावेत. कानस नेहमी कण्याकडून धारेकडे न्यायची असा एक शिरस्ता आहे, पण हात सुटला तर तो धारेवर जातो. नवशिक्याने पात्याच्या लांबीला समांतर ओढावी, हे सुरक्षित. दोन्ही बाजूंनी वीस ते पंचवीस अंश धरावेत. वीसाच्या खाली गेलात तर केळीचा बुंधा सुरेख कापेल आणि पहिल्याच नारळाला धार दुमडेल. कानस झाली की खरबरीत दगड, मग चारशे, मग हजार नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीवर गुंडाळून. सुरीची धार सपाट उताराची असते. तलवारीची किंचित फुगीर ठेवतात, कारण घाव सोसायला काठामागे पोलाद लागतं. म्हणून पेपराखाली चामड्याचा तुकडा घालावा म्हणजे तो थोडा दबतो आणि उतार आपोआप गोलसर होतो. दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराने हलकेच चाचपलं की उलटलेला बारीक काठ लागतो. तो सगळीकडे सलग लागला म्हणजे ती बाजू झाली. मुठीजवळचे दोन-तीन इंच बोथटच ठेवायचे. जुन्या तलवारींतही ते तसेच असतात, कारण आपल्या पद्धतीत तर्जनी आडणीवरून पुढे घेऊन तिथे ठेवतात. खरी तेज धार वरच्या तिसऱ्या हिश्शाला लागते. घाव तिथेच बसतो.

धार आली की म्यानाची गाठ पडते. धारदार तलवार उपसताना म्यान मुठीत धरायची सवय असते, आणि बोटं नेमकी म्यानाच्या धारेकडच्या सांध्यावर येतात. सांधा कच्चा असेल तर पातं लाकूड चिरून बोटांपर्यंत येतं. हे अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. म्यान बाजूंनी धरावं, धारेकडून कधीच नाही, आणि तलवार काढता-घालताना कण्यावर भार द्यावा. पडणारी तलवार झेलू नये. मुठीतून सुटली तर हात आणि पाय दोन्ही मागे घ्यावेत आणि पडू द्यावी. फरशी पुन्हा बसवता येते.

कायद्याचं प्रकरण पुस्तिकेत दुसऱ्याच क्रमांकावर ठेवलं आहे आणि ते कोणीही गाळू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात; शेती, घरकाम, उद्योग वा शास्त्रीय कामासाठी केलेली वगळून. तलवार त्या यादीत नावानिशी आहे. अधिनियमाच्या चौथ्या कलमानुसार अधिसूचना निघालेल्या क्षेत्रात ती बाळगायला परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला, निवडणुकीला शस्त्रं घेऊन फिरण्यावर बंदीचे आदेश निघतात. ‘तिला धार नव्हती, साहेब’ हे ठाण्यात ऐकून घेतलं जाईलच याची खात्री नाही. कुरिअरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात शोभेच्या किती होत्या हे नंतर कोणी विचारत नाही. घेण्याआधी आपल्या जिल्ह्यात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारावं, तालमीचं पत्र सोबत जोडावं, पावती जपावी आणि सरावाला नेता-आणताना तलवार बंद पेटीत ठेवावी. समाजमाध्यमांवर फोटो टाकण्याची हौस आवरावी.

घरात पणजोबांची तलवार असेल तर ती या पुस्तिकेच्या कक्षेतच नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिच्यावर कानस चालवणं म्हणजे जुना दस्त खोडरबराने साफ करण्यासारखं आहे. गंज खरवडू नका, मूठ उकलू नका. हलकं यंत्राचं तेल मऊ फडक्याने पुसा आणि जाणकाराला दाखवा.

नव्या तलवारीची निगा सोपी आहे, पण आपल्याकडे ती दोन ठिकाणी हमखास चुकते. एक म्हणजे खोबरेल किंवा शेंगदाणा तेल. ही तेलं काही महिन्यांत चिकट होतात आणि त्या थराखाली गंज बसतो. शिवणयंत्राचं तेल लावावं. दुसरी चूक खंडेनवमीची. हळद-कुंकू, फुलं, कधी कापलेलं लिंबू पात्यावर ठेवलं जातं आणि दसऱ्याच्या गडबडीत ते तसंच राहतं. लिंबाचा डाग पोलादाला एका रात्रीत खातो. पूजा जरूर करावी, पण सोनं वाटायला बाहेर पडण्याआधी पातं पुसून तेल लावावं. चामड्याच्या म्यानात तलवार कायमची ठेवू नये, विशेषतः कोकणात. चामडं दमट हवा धरून ठेवतं. म्यान भिंतीवर आणि पातं तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात, ही पावसाळ्यातली रीत.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, कायद्याचं तेवढं आधी. धार लावण्याच्या प्रकरणापाशी पोहोचलात की तलवार लगेच शिकंज्यात घालू नका. घरात एखादा जुना, बोथट झालेला पाट्याचा कोयता असेलच. नसला तर आठवडी बाजारात लोहारापुढे ढीग पडलेला असतो. पोलाद जवळपास तेच, लांबी हाताशी येणारी, आणि बिघडला तर घरचे फार बोलणार नाहीत. त्याच्यावर कोन धरायला शिका, तो उलटलेला काठ बोटाला ओळखू द्या, उजेडातली पांढरी रेषा जाताना पाहा. कोयत्याने नारळाची झावळी एका घावात उतरली आणि काठ दुमडला नाही, की मग तलवार काढा.